लघुउद्योग नवप्रवर्तन अनुदान, आरोग्यक्षेत्रातील

शास्त्रीय संशोधनातून निघालेली औषधे, निदानसाधने, वैद्यकीय उपकरणे इ. आरोग्योपयोगी नवी उत्पादने प्रयोगशाळेतून बाजारपेठेपर्यंत नेता यावीत, म्हणून लहान व्यवसायसंस्थांना शासनाकडून मिळणारे, परतफेडीची अट नसलेले अर्थसाहाय्य. हे कर्ज नव्हे. त्याच्या मोबदल्यात शासन कंपनीचे भागही घेत नाही. अशा अनुदानाची सर्वांत ठळक व कायद्याने बांधलेली योजना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) १९८२ मध्ये सुरू झाली. ‘स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च’ हे तिचे नाव असून ‘एसबीआयआर’ हे त्याचे आद्याक्षरी रूप रूढ आहे. जपान (१९९९), ग्रेट ब्रिटन (२००१) व भारत (२००५) या देशांनी पुढे आखलेल्या योजनांवर तिचा ठसा उमटलेला दिसतो.

गरज : विद्यापीठातील एखाद्या शास्त्रज्ञाने रक्तातील विशिष्ट प्रथिनावरून रोगाचे लवकर निदान करण्याची रीत शोधली, तर तिच्यावरील निबंध प्रसिद्ध होताच शास्त्राच्या दृष्टीने काम पुरे होते. रुग्णाच्या दृष्टीने मात्र ते सुरूही झालेले नसते. तीच चाचणी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत सारखाच निष्कर्ष देते काय, तिची रसायने उष्ण हवेत किती दिवस टिकतात, ती हजारांच्या संख्येने एकसारखी कशी बनवावयाची, निरोगी माणसास ती चुकून रोगी ठरविते काय, या प्रश्नांची उत्तरे शोधणे हे खर्चाचे व कंटाळवाणे काम आहे. त्यातून नवे ज्ञान फारसे निघत नसल्याने मूलभूत संशोधनासाठी असलेला निधी त्यावर खर्च होत नाही. बँकेला तारण लागते आणि प्रयोगवही गहाण ठेवून घेणारी बँक नाही. जोखीम भांडवल पुरविणाऱ्या संस्था जोखमीच्या नावाने ओळखल्या जात असल्या, तरी तांत्रिक अनिश्चितता बरीचशी निवळल्यावरच त्या पुढे येतात. संशोधन व बाजारपेठ यांमधील या पोकळीस ‘मृत्यूची दरी’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

संशोधनाचे लाभ ते करणाऱ्यापुरते मर्यादित राहत नाहीत, ते इतरांकडे झिरपतात. म्हणून खाजगी उद्योग संशोधनावर समाजहिताच्या मानाने कमीच खर्च करतात, असे प्रतिपादन रिचर्ड नेल्सन (१९५९) व केनेथ ॲरो (१९६२) या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी केले होते. शासकीय अनुदानाचे सैद्धांतिक समर्थन मुख्यतः त्यावर आधारलेले आहे.

इतिहास : या कल्पनेचे जनकत्व रोलंड टिबेट्स यांच्याकडे जाते. अमेरिकेच्या ‘नॅशनल सायन्स फाउंडेशन’ या शासकीय संस्थेत अधिकारी असताना त्यांनी १९७७ मध्ये लहान कंपन्यांसाठी टप्प्याटप्प्याने अनुदान देण्याचा प्रयोग सुरू केला. आधी थोडी रक्कम देऊन कल्पना तपासावी, जी टिकेल तिलाच मोठी रक्कम द्यावी आणि त्यानंतर शासनाने बाजूस होऊन खाजगी भांडवलास वाट द्यावी, अशी ही साधी योजना होती. सत्तरीच्या दशकात अमेरिकन उद्योगाला जपानी व जर्मन स्पर्धा जाणवू लागली होती. शासकीय संशोधननिधीचा फार मोठा भाग विद्यापीठे, राष्ट्रीय प्रयोगशाळा व बड्या कंपन्या यांच्याकडे जातो आणि लहान कंपन्यांच्या वाट्याला तो नाममात्रच येतो, ही तक्रारही जोर धरीत होती. सीनेटर वॉरन रडमन यांनी पुढाकार घेतलेला ‘लघुउद्योग नवप्रवर्तन विकास अधिनियम’ काँग्रेसने संमत केला व २२ जुलै १९८२ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे, की त्याने नवा पैसा दिला नाही. बाहेरील संस्थांकडून करवून घ्यावयाच्या संशोधनावर वर्षाला १० कोटी डॉलरांहून अधिक खर्च करणाऱ्या प्रत्येक संघशासकीय खात्याने त्या खर्चाचा ठराविक हिस्सा लहान कंपन्यांसाठी बाजूस काढावा, एवढेच बंधन त्याने घातले. हा हिस्सा पहिल्या वर्षी ०·२ टक्के होता व तो १·२५ टक्क्यांपर्यंत वाढवावयाचा होता. पुढे तो १९९७ पासून २·५ व २०१७ पासून ३·२ टक्के झाला. साहजिकच विद्यापीठांच्या प्रतिनिधींनी प्रारंभी या कायद्यास विरोध केला. आपल्याच ताटातील घास काढून दुसऱ्यास दिला जात आहे, ही त्यांची भावना पूर्णतः गैरवाजवी नव्हती. १९९२ च्या कायद्याने काढलेल्या ‘एसटीटीआर’ या जोडयोजनेमुळे हा विरोध काहीसा बोथट झाला. तीत लहान कंपनीने किमान ४० टक्के व तिच्याशी करारबद्ध झालेल्या विद्यापीठाने वा संशोधनसंस्थेने किमान ३० टक्के काम करावे लागते.

या अनुदानाला अर्थ प्राप्त झाला, तो त्याआधी दोनच वर्षे संमत झालेल्या बे–डोल अधिनियमामुळे (१९८०). शासकीय पैशातून लागलेल्या शोधाचे एकस्व स्वतःकडे ठेवण्याचा अधिकार या अधिनियमाने विद्यापीठांना व लहान कंपन्यांना दिला. तत्पूर्वी अशी एकस्वे सामान्यतः शासनाच्या मालकीची होत व बहुतांश धूळ खात पडत. एकस्व हाती नसेल, तर कंपनीपाशी गुंतवणूकदारास दाखविण्यासारखे काही नसते [→ एकस्व].

कार्यपद्धती : अनुदानास पात्र कंपनी नफ्यासाठी चालविली जाणारी, अमेरिकेत असलेली, ५०० हून अधिक नोकर नसलेली आणि निम्म्याहून अधिक मालकी अमेरिकन नागरिकांकडे वा कायम रहिवाशांकडे असलेली असावी लागते. एसबीआयआरमध्ये मुख्य संशोधकाची प्रमुख नोकरी त्याच कंपनीत असावी, अशीही अट आहे. विद्यापीठातील प्राध्यापकाला प्राध्यापकी सांभाळून केवळ नावापुरती कंपनी काढता येऊ नये, हा तिचा हेतू होय.

पहिला टप्पा साधारणपणे सहा महिन्यांचा असून त्यात कल्पनेची व्यवहार्यता तपासली जाते. दुसरा टप्पा दोन वर्षांचा; त्यात प्रत्यक्ष उत्पादनाचा नमुना तयार करावयाचा असतो. कायदा झाला त्या काळी या टप्प्यांसाठी अनुक्रमे ५० हजार व ५ लाख डॉलर ही मार्गदर्शक मर्यादा होती. २०२४ मध्ये ती वाढून सु. ३ लाख १४ हजार व सु. २१ लाख डॉलर झाली होती. तिसरा टप्पा म्हणजे व्यापारीकरण. त्यासाठी या निधीतून एकही डॉलर मिळत नाही. कंपनीने खाजगी भांडवल उभारावे किंवा शासनाच्या अन्य खात्यांनी ते उत्पादन विकत घ्यावे, अशी अपेक्षा आहे.

आरोग्यविषयक अनुदानांचा फार मोठा भाग ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ (यापुढे एनआयएच) या संस्थासमूहाकडून दिला जातो. २०२० नंतरच्या वर्षांत एनआयएचची या दोन्ही योजनांखालील वार्षिक तरतूद १ अब्ज डॉलरांहून अधिक होती. अर्जांची छाननी बाहेरील तज्ज्ञांच्या समित्या करतात. प्रत्येक परीक्षक १ ते ९ असे गुण देतो व येथे कमी गुण म्हणजे उत्तम अर्ज. सर्वांच्या सरासरीस दहाने गुणून १० ते ९० यांमधील अंतिम गुणांक ठरतो. अर्ज नाकारला गेल्यास तो सुधारून एकदा पुन्हा पाठविता येतो. अर्ज केल्यापासून पैसा हाती येईपर्यंत पाऊण ते एक वर्ष सहज जाते. चार-पाच माणसांच्या कंपनीला हा काळ उपासमारीचाच असतो. दुसऱ्या टप्प्याच्या अर्जास बारा पृष्ठांपर्यंतची व्यापारीकरण योजना जोडावी लागते. अनुदानात कंपनीला एकूण खर्चाच्या ७ टक्क्यांपर्यंत वाजवी नफाही धरता येतो. अनुदानातून निर्माण झालेली तांत्रिक माहिती शासनाने इतरांस उघड करू नये, असे संरक्षण कंपनीला मिळते. त्याची मुदत २०१९ पासून वीस वर्षे आहे.

आरोग्यक्षेत्राचे वेगळेपण : योजनेची रचना सर्व खात्यांसाठी एकच असली, तरी तिचा प्रत्यक्ष परिणाम खात्यागणिक बदलतो, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. संरक्षण खाते एखाद्या लहान कंपनीस नवीन संवेदक बनविण्यासाठी पैसे देते, तेव्हा तो संवेदक खात्यालाच हवा असतो. नमुना पसंत पडला, की तेच खाते गिऱ्हाईक होते व तिसरा टप्पा आपोआप सुरू होतो. एनआयएच कोणतेही औषध वा उपकरण रुग्णालयांसाठी विकत घेत नाही. तिने ज्यावर पैसा खर्च केला, त्याचे गिऱ्हाईक कोणी तिसरेच असते : रुग्णालय, डॉक्टर, विमा कंपनी किंवा वृद्धांसाठी असलेली ‘मेडिकेअर’ ही शासकीय विमायोजना. शिवाय त्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्यापूर्वी अन्न व औषधी प्रशासनाची परवानगी मिळवावी लागते.

वैद्यकीय उपकरणांसाठी ही परवानगीची पद्धत १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने घालून दिली. धोक्याच्या प्रमाणात उपकरणांचे तीन वर्ग पाडलेले आहेत. आधीपासून विक्रीत असलेल्या एखाद्या उपकरणाशी नवे उपकरण मूलतः समतुल्य आहे, हे दाखविता आले तर मार्ग बराच सोपा असतो. शरीरात बसविण्याच्या व जिवाशी संबंध असलेल्या उपकरणांना मात्र प्रत्यक्ष रुग्णांवरील चाचण्यांचा पुरावा द्यावा लागतो आणि अशा चाचण्यांचा खर्च दुसऱ्या टप्प्याच्या अनुदानात मावत नाही. परवानगी मिळाली म्हणून पैसे मिळतात असेही नाही. उपकरण सुरक्षित व परिणामकारक आहे काय, हा प्रशासनाचा प्रश्न. ते रुग्णासाठी ‘वाजवी व आवश्यक’ आहे काय, हा मेडिकेअरचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यावरही दुसऱ्याची वाट पाहण्यात कंपन्यांची वर्षे जातात. म्हणजे ज्या ठिकाणी खर्च सर्वांत मोठा, नेमक्या त्याच ठिकाणी अनुदान संपते. एनआयएचच्या काही घटकसंस्थांनी यावर तोड काढण्याचा प्रयत्न केला. राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००९ मध्ये सुरू केलेले ‘पूल अनुदान’ तीन वर्षांत ३० लाख डॉलरांपर्यंत होते व तेवढेच खाजगी भांडवल उभारणाऱ्या कंपन्यांना त्यात अग्रक्रम होता. संशोधकांनी प्रयोगशाळेबाहेर पडून डॉक्टर, परिचारिका व विमा अधिकारी यांना प्रत्यक्ष भेटावे, यासाठी २०१४ पासून प्रशिक्षणवर्गही काढण्यात आले.

काही उदाहरणे : सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड एंगेल व रॉय मार्टिन या दंतवैद्यकाच्या प्राध्यापकांनी डेव्हिड जुलियानी या अभियंत्याबरोबर १९८७ मध्ये एक लहान कंपनी काढली. ध्वनिकंपनांच्या गतीने हलणाऱ्या कुंचल्याने दातांवरील जंतूंचा थर निघेल काय, हा त्यांचा प्रश्न होता. एनआयएचच्या अनुदानाचा त्यांना सुरुवातीला आधार मिळाला. ‘सोनिकेअर’ हा विजेवरील दात घासण्याचा ब्रश १९९२ मध्ये बाजारात आला आणि २००० मध्ये फिलिप्स या डच कंपनीने ती संपूर्ण कंपनीच विकत घेतली. हे यश वारंवार सांगितले जाते. परंतु ब्रश रुग्ण स्वतःच्या खिशातून विकत घेतो, त्यास विमा कंपनीची संमती लागत नाही, हे विसरता कामा नये.

याउलट उदाहरण कॅलिफोर्नियातील ‘न्यूरोपेस’ या कंपनीचे. औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या अपस्माराच्या रुग्णाच्या कवटीत बसविलेले तिचे उपकरण मेंदूतील विद्युत् लहरींवर सतत लक्ष ठेवते व झटक्याची चाहूल लागताच सौम्य विद्युत् स्पंद देऊन तो दाबून टाकते. कंपनीची स्थापना १९९७ मध्ये झाली. संशोधनाच्या काळात तिला एनआयएचची लघुउद्योग अनुदाने मिळाली; १९१ रुग्णांवर निर्णायक चाचणी झाली; आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये अन्न व औषधी प्रशासनाने मान्यता दिली. स्थापनेपासून मान्यतेपर्यंत सोळा वर्षे गेली. एवढा काळ तग धरण्यासाठी लागणारा पैसा मुख्यतः खाजगी भांडवलदारांचा होता. अनुदानाने त्यात वाटा उचलला, भार पेलला नाही. जनुकीय विश्लेषणाच्या यंत्रांसाठी पुढे जगप्रसिद्ध झालेल्या ‘इल्युमिना’ (स्थापना १९९८) या कंपनीलाही आरंभीच्या काळात अशी अनुदाने मिळाली होती. तिचे पहिले गिऱ्हाईक रुग्णालये नसून संशोधन प्रयोगशाळा होत्या, त्यामुळे तिला ही दरी लवकर ओलांडता आली.

मूल्यमापन व टीका : जॉश लर्नर यांनी १९८३–८५ या काळात अनुदान मिळालेल्या कंपन्यांचा दहा वर्षांचा मागोवा घेतला (१९९९). अनुदान न मिळालेल्या तत्सम कंपन्यांपेक्षा त्या अधिक वेगाने वाढल्या, पण हा फरक जोखीम भांडवलाचा सुकाळ असलेल्या भागांपुरताच आढळला. त्याच कंपनीस पुन्हापुन्हा अनुदान दिल्याने तिची वाढ अधिक झाली नाही. स्कॉट वॉल्स्टेन यांनी (२०००) अधिक कठोर निष्कर्ष काढला : शासनाने जेवढा पैसा दिला, जवळजवळ तेवढाच स्वतःचा संशोधनखर्च कंपन्यांनी कमी केला. सब्रीना हॉवेल यांच्या अभ्यासात (२०१७) पहिल्या टप्प्याच्या अनुदानामुळे जोखीम भांडवल मिळण्याची शक्यता १० वरून १९ टक्क्यांवर गेल्याचे दिसले, तर मोठ्या रकमेच्या दुसऱ्या टप्प्याचा तसा परिणाम आढळला नाही. हा अभ्यास ऊर्जाखात्याच्या अनुदानांचा आहे. तो आरोग्यास जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि छोट्या रकमेतून नमुना सिद्ध करता येणे हेच अनुदानाचे खरे बळ आहे, ही त्यातील सूचना टिबेट्स यांच्या मूळ कल्पनेशी जुळणारी आहे.

अनुदाने मिळविण्यातच तरबेज झालेल्या, पण बाजारात काहीच न आणणाऱ्या काही कंपन्यांना ‘अनुदानाच्या गिरण्या’ असे उपहासाने म्हटले जाते. म्हणून वारंवार अनुदान घेणाऱ्यांना पूर्वीच्या कामाच्या फलश्रुतीचा हिशेब देण्याचे बंधन २०११ च्या कायद्याने घातले. जोखीम भांडवल संस्थांची बहुसंख्य मालकी असलेली कंपनी ‘लहान’ मानावी काय, हा वाद जीवतंत्रविज्ञानात विशेष तीव्र झाला. कारण औषधनिर्मितीत असे भांडवल घेतल्यावाचून गत्यंतर नसते. या वादामुळे २००८ पासून काही वर्षे योजना केवळ अल्पकालीन मुदतवाढींवर चालू राहिली. अखेर ३१ डिसेंबर २०११ च्या कायद्याने एनआयएचला आपल्या निधीचा २५ टक्क्यांपर्यंतचा भाग अशा कंपन्यांना देण्याची मुभा दिली. योजनेची मुदत काँग्रेसने ठराविक वर्षांनी वाढवावी लागते. २०२२ मध्ये वाढविलेली मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली, तेव्हा नव्या तरतुदींवर एकमत झालेले नव्हते व नवी अनुदाने देण्याचा अधिकार खंडित झाला. निधी असूनही अधिकार नाही, अशा अवस्थेचा फटका ज्यांच्या दोन टप्प्यांमध्ये खंड पडतो अशा लहान कंपन्यांनाच प्रथम बसतो.

जनतेच्या पैशातून तयार झालेले औषध जनतेला परवडेल अशा किंमतीत मिळावे काय, हा प्रश्न या सर्वांच्या मुळाशी आहे. लोकांची आरोग्याची गरज वाजवीपणे भागत नसल्यास शासनाने हस्तक्षेप करून अन्य उत्पादकांस परवाना देण्याची तरतूद बे–डोल अधिनियमात आहे. ती लहान कंपन्यांच्या एकस्वांनाही लागू पडते. नॉर्व्हिर या एचआयव्हीवरील औषधाच्या (२००४) व एक्सटँडी या कर्करोगावरील औषधाच्या (२०२३) किंमतींबाबत तशा मागण्या झाल्या. एनआयएचने दोन्ही फेटाळल्या. केवळ किंमत हे हस्तक्षेपाचे कारण मानले, तर गुंतवणूकदार शासकीय निधीचा स्पर्श झालेल्या शोधांपासून दूर राहतील, असा युक्तिवाद केला जातो. करदात्याने दोनदा पैसे का मोजावेत, या प्रतिप्रश्नाला मात्र तो उत्तर देत नाही.

भारत : केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये ‘लघुउद्योग नवप्रवर्तन संशोधन उपक्रम’ सुरू केला. नाव अमेरिकन योजनेशी मिळतेजुळते असले, तरी दुसऱ्या टप्प्यासाठी अनुदानाऐवजी सवलतीच्या व्याजाचे कर्ज देण्यावर त्याचा भर होता. योजना राबविण्यासाठी मार्च २०१२ मध्ये ‘जैवतंत्रज्ञान उद्योग संशोधन साहाय्य परिषद’ ही शासकीय मालकीची, नफ्यासाठी नसलेली कंपनी स्थापन झाली. ‘बायरॅक’ या नावाने ती ओळखली जाते. तिचे ‘बिग’ हे अनुदान अगदी प्रारंभीच्या कल्पनांसाठी असून त्यात अठरा महिन्यांपर्यंतच्या कामास ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. व्यक्तीला वा नवजात कंपनीलाही त्यासाठी अर्ज करता येतो. अर्जदारांना मार्गदर्शन करण्याचे काम निवडक उबवणकेंद्रांवर सोपविलेले आहे. पुणे येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने २००७ मध्ये सुरू झालेले व्हेंचर सेंटर हे त्यांपैकी एक. भाड्याने मिळणारी प्रयोगशाळा, महागडी विश्लेषक उपकरणे व एकस्वविषयक सल्ला एकाच छपराखाली उपलब्ध झाल्याने ५० लाख रुपये यंत्रखरेदीत संपून जाण्याचा धोका टळतो. २०१७ मध्ये जागतिक बँकेच्या सहभागाने २५ कोटी डॉलरांचे राष्ट्रीय जैवऔषध अभियान बायरॅकमार्फत हाती घेण्यात आले. लसी, जैवऔषधे व वैद्यकीय उपकरणे हे त्याचे मुख्य विषय होते.

अमेरिकेत विमा कंपनीपाशी जी अडचण येते, ती भारतात सार्वजनिक रुग्णालयांच्या निविदेपाशी येते. गेल्या काही वर्षांतील ठराविक उलाढाल व अशाच मालाच्या पुरवठ्याचा पूर्वानुभव या नेहमीच्या अटी नव्या कंपनीस पहिल्याच पायरीवर बाद करतात. कारण नव्या उत्पादनाच्या पुरवठ्याचा पूर्वानुभव कोणापाशीच नसतो. केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत २०१७ मध्ये नवउद्योगांसाठी, दर्जा व तांत्रिक निकष पुरे होत असल्यास, या अटी शिथिल करता येण्याची तरतूद झाली. ती शिथिलता खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. शिवाय हे नियम केंद्राच्या खात्यांना लागू आहेत आणि देशातील बहुसंख्य शासकीय रुग्णालये राज्यांच्या वा स्थानिक संस्थांच्या अखत्यारीत येतात. महाराष्ट्रात शासकीय रुग्णालयांसाठीची खरेदी २०१७ पासून हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे होती. २०२३ च्या अधिनियमाने त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले. अनुदानातून सिद्ध झालेले एखादे उपकरण राज्यातील जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचणे बव्हंशी अशा खरेदीयंत्रणेच्या निविदेतील अटींवर अवलंबून राहते.